घरची आइस्ड कॉफी पाणचट का होते आणि महिन्याचे चार हजार कसे वाचतात

प्रश्न: ताई, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे. संध्याकाळी घरी येताना कॉलेज रोडला रोज एक आइस्ड लाटे, म्हणजे दुधाची गार कॉफी, घेते, जीएसटी धरून २१० रुपये. महिन्याकाठी साडेचार हजारांवर जातात. घरी करून पाहिली, पण एकदा पाणचट होते आणि एकदा कडू. सात-आठ हजारांचं कॉफी मशीन घेतलं तर हा प्रश्न सुटेल का?

मशीन घेऊ नका. आत्ता तरी नकोच. मी बरीच वर्षं गंगापूर रोडला कॉफीचं काउंटर सांभाळलं, आता कॉफी भाजून, दळून विकते. तुमचा हाच प्रश्न उन्हाळा लागला की दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. तुमची कॉफी पाणचट होते ती बर्फामुळे आणि कडू होते ती उकळण्यामुळे. या दोन्हींवर मशीन काही करत नाही.

आधी बर्फाचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. बहुतेक घरांत काय होतं, तर नेहमीसारखी गरम कॉफी करायची, ग्लासात ओतायची आणि वरून बर्फ टाकायचा. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी उष्णता लागते. तुमच्या ग्लासात १६० मिली कॉफी ७० अंशांना असेल, तर ती अगदी गार व्हायला फ्रीजरमधला सव्वाशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे १६० मिली कॉफीत सव्वाशे मिली पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने घातलं. ती पाणचट होणारच. आता तीच कॉफी फ्रीजमध्ये पाच अंशांपर्यंत गार करून मग बर्फावर ओता. दहा ग्रॅम बर्फसुद्धा वितळत नाही. पुढे ग्लास हातात धरून अर्धा तास बसलात तर थोडं पाणी सुटेल, तेवढं चालतं.

पाणचट झाली की माणूस दुसऱ्या दिवशी पावडर वाढवतो आणि जास्त वेळ उकळतो. कॉफी कडू होते ती इथे. पावडर पाण्यात किंवा दुधात खळाखळा उकळली की आधी सुवास उडून जातो आणि मग पावडरीच्या पोटातला सगळा कडवटपणा बाहेर येतो. कॉफीवर उकळलेलं पाणी ओतायचं, कॉफी उकळायची नाही. चहाची सवय असलेल्या आपल्या घरांत हे हातात बसायला थोडे दिवस लागतात.

तेव्हा कॉफीचा घट्ट अर्क आधी करून ठेवायचा, तो फ्रीजमध्ये गार करायचा, आणि प्यायच्या वेळी गार दूध आणि बर्फ यांच्यात मिसळायचा. अर्क करायचे तीन रस्ते आहेत. मी तुम्हाला पहिलाच सुचवेन, पण तिन्ही सांगते.

पहिला रस्ता म्हणजे स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. आपल्या भांडी बाजारात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मध्यम आकाराचा घ्या, अगदी छोटा नको. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं आणि आत दांडी असलेली एक चकती. वरच्या डब्यात ४० ग्रॅम कॉफी पावडर घ्या. डबा हळूच आपटून पावडर सपाट करा, चकतीने हलके दाबा. हलके म्हणजे पावडर एकसारखी बसेल इतपतच, अंगठ्याचा जोर लावून नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी जेमतेम पावडर भिजेल एवढंच पाणी गोल फिरवत चकतीवर ओता आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते, तिच्यातून बुडबुडे येतात. ताजी असेल तर जास्त येतात, शिळी असेल तर जवळपास येतच नाहीत. पावडर ताजी आहे का हे इथेच कळतं. मग उरलेलं पाणी दोन वेळा करून ओता. एकूण पाणी २४० मिली. झाकण लावून सोडून द्या.

पावडर स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून खाली २४० नाही, सुमारे १६० मिली डिकॉक्शन, म्हणजे घट्ट अर्क, मिळेल. तेवढ्यात तुमचे चार ग्लास होतात, प्रत्येकी ४० मिली. गळायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर सगळं बरोबर. पाच मिनिटांत धो धो खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा दाबली गेली नाही. तासाभराने बघितलं आणि काहीच गळलेलं नाही, तर दोन शक्यता. एक, दळण फार बारीक. दुसरी लोकांच्या लक्षात येत नाही: दोन डबे एकमेकांत इतके घट्ट बसलेत की खालच्या डब्यातली हवा बाहेर जायला जागाच नाही. वरचा डबा जरा उचलून सैल ठेवा, लगेच थेंब सुरू होतात. या एका कारणासाठी फिल्टर खराब आहे म्हणून परत करणारे लोक मी पाहिलेत.

हे रात्री जेवणानंतर करा. सकाळी डिकॉक्शन काचेच्या छोट्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस उत्तम लागतं, तिसऱ्या दिवशी सुवास उतरतो. बाटली नवी असू द्या. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणातला वास जात नाही, आणि कॉफी तो वास लगेच ओढून घेते.

पावडर कोणती? दुधाच्या कॉफीला चिकोरी असलेली पावडर चांगली लागते आणि स्वस्तही पडते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं. रंग आणि दाटपणा मात्र भरपूर देते. गार दुधात कॉफीची चव दबते, तिथे हा दाटपणा कामाला येतो. ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी यापुढे मात्र जाऊ नका. पाकिटावर टक्केवारी छापणं बंधनकारक आहे आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे. तुम्ही आजवर घेतलेली स्वस्त पाकिटं उलटून बघा, काहींवर ५३-४७ किंवा ६०-४० दिसेल. तसली पावडर घेऊन घट्टपणासाठी जास्त टाकत राहिलात तर बचत कागदावरच राहते. बियांमध्ये अरेबिकाला सुवास जास्त, रोबस्टाला कडवटपणा आणि कॅफिन जास्त, जवळपास दुप्पट. आइस्ड लाटेसाठी मला दोन्हींचं मिश्रण आवडतं. नुसती अरेबिका दुधा-बर्फात हरवून जाते. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातून येते, चिकमगळूर, कोडगू, हासन या भागांतून. आता भाजणारे लोक थेट घरपोच पाठवतात, त्यामुळे नाशिकला मिळत नाही हे कारण राहिलेलं नाही. माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणणार नाही. कुठूनही घ्या, पण भाजल्याची तारीख बघून घ्या आणि एका वेळी पाव किलोच घ्या. उघडलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढला की आत दमट हवा शिरते आणि पावडर गोळा होते. पावसाळ्यात तर हमखास.

दुसरा रस्ता कोल्ड ब्रू. सध्या सगळ्यांना हेच हवं असतं. ६० ग्रॅम पावडर, जाड्या रव्यासारखी दळलेली, अर्धा लिटर गार पाण्यात ढवळून झाकून चौदा-सोळा तास फ्रीजमध्ये ठेवायची. मग आधी स्टीलच्या गाळणीतून आणि नंतर ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळू नका. पिळलं की गाळ खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर तुरटपणाही. साधारण ३८० मिली अर्क मिळतो, आठवडाभर टिकतो, आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही कमी. बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी याला तोड नाही, आणि त्यात चिकोरी अजिबात नको. पण तुम्ही विचारताय बचतीचं. गार पाणी पावडरीतून कमी काढतं, म्हणून ग्लासामागे फिल्टरच्या दीडपट पावडर लागते, आणि तीही महागातली. शिवाय इंटरनेटवर बरेच जण हे ओट्यावरच रात्रभर ठेवायला सांगतात. थंड हवेच्या ठिकाणी ते ठीक असेल. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो, स्वयंपाकघर रात्रीही तापलेलं असतं, तिथे ते भांडं बाहेर ठेवू नका.

तिसरा इन्स्टंट. लोकांचा समज असा की इन्स्टंट म्हणजे स्वस्त. एक किलो इन्स्टंट पावडर करायला सुमारे २.६ किलो कच्च्या बिया लागतात, तर भाजलेल्या एक किलो कॉफीला सुमारे १.१९ किलो. त्यामुळे चिकोरी नसलेली इन्स्टंट किलोमागे फिल्टर पावडरीच्या कितीतरी पट महाग असते. छोट्या बाटलीमुळे ते कळत नाही. बाटलीवरची किंमत ग्रॅमने भागून बघा. तरी कपाटात एक छोटी बाटली असू द्या, डिकॉक्शन संपलं आणि पाहुणे आले की कामाला येते. दोन छोटे चमचे पावडर आणि साखर ३० मिली गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, घट्ट झाकणाच्या बाटलीत चार-पाच बर्फाच्या खड्यांबरोबर अर्धा मिनिट जोरात हलवा आणि गार दुधावर ओता. वर फेसही येतो. मिक्सरमध्ये बर्फ फिरवायची गरज नाही. मिक्सरातली ती आपली कॉलेजच्या कँटीनची कोल्ड कॉफी, आइस्क्रीमवाली. तिची मजा वेगळी, तुम्ही विचारताय ती ही नव्हे.

आता दूध. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध असेल आणि ते फ्रीजमधलंच असेल, तर आइस्ड कॉफीसाठी न उकळता थेट वापरा. उकळलेल्या दुधाला एक शिजलेली चव येते आणि गार कॉफीत ती पुढे येते. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र उकळायलाच हवं. उकळून पूर्ण गार करा आणि साय नुसती बाजूला न सारता दूध बारीक गाळणीतून गाळून घ्या, नाहीतर बर्फाला लागून सायीचे बारीक कण तरंगतात आणि प्रत्येक घोटाला जिभेवर येतात. म्हशीच्या दुधात हे जास्त होतं. टोन्ड दूध, ३ टक्के फॅटचं, मला यासाठी पुरेसं वाटतं. ६ टक्क्यांचं फुल क्रीम गार कॉफीत जड होतं आणि कॉफी मागे पडते.

साखर गार दुधात चटकन विरघळत नाही, तळाशी बसते. मग माणूस अजून एक चमचा टाकतो आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन फक्त विरघळेपर्यंत गरम करा, पाक करायचा नाही, आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दोन चमचे पुरतात. बाजारातली व्हॅनिला-कॅरमलची सिरपं आणलीत तर बचतीतला मोठा तुकडा तिथेच जातो. गूळ आवडत असेल तर त्याचंही असंच पाणी करा आणि गाळून घ्या. गरम दुधात गूळ घातल्यावर दूध फाटायची जी भीती असते, ती गार दुधात फारशी नसते.

आणि बर्फ. फ्रीजरमध्ये मटार, कोथिंबीर, कुणाच्या घरी मासे असतात, आणि ट्रे उघडाच असतो. तो सगळा वास बर्फात उतरतो. झाकणाचा ट्रे घ्या किंवा गोठलेले खडे लगेच पिशवीत बांधून ठेवा. बोअरच्या जड पाण्याचा बर्फ करू नका, त्याच पाण्याने डिकॉक्शनही नको. जड पाण्यात कॉफी मुकी होते. महापालिकेचं, गंगापूर धरणातून येणारं पाणी चांगलं आहे, फक्त क्लोरिनचा वास असेल तर उकळून, उघडं ठेवून गार करा. उन्हाळ्यात पार्टीसाठी म्हणून लादीचा बर्फ आणून पेयात टाकू नका. निळसर दिसला तर तो खाण्याचा नाहीच, त्यासाठीच त्याला रंग देतात.

ग्लास असा भरा: मोठ्या ग्लासात पाच-सहा खडे, त्यावर ४० मिली गार डिकॉक्शन, साखरेचं पाणी, मग १२० मिली गार दूध. ढवळा. झालं. फार कडक वाटली तर दूध वाढवा, डिकॉक्शन कमी करू नका.

खर्चाचा हिशेब तुमच्या घरच्या दराने करा, मी नमुन्याला आकडे धरते. पावडर ९०० रुपये किलो धरली तर दहा ग्रॅमचे ९ रुपये. दूध ६० रुपये लिटर धरलं तर १२० मिलीचे ७ रुपये २० पैसे. साखर, गॅस, फ्रीज मिळून दोन-तीन रुपये. वीसच्या आत ग्लास. तुमच्या २१० मधून गेले २०, उरले १९०; महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर ४,१८० रुपये. कोल्ड ब्रूने केलंत तरी ग्लास तिशीच्या आसपास राहील. फिल्टर आणि छोटा वजनकाटा घेतलात तर त्यांचे पैसे पहिल्या पंधरवड्यातच वसूल. वजनकाट्यावर माझा फार भर आहे. चमच्याने मोजलेली पावडर रोज वेगळी पडते आणि मग "कालची छान झाली होती, आज काय झालं?" याचं उत्तर सापडत नाही. कॅफेवाले लुटतात असं मात्र मी म्हणणार नाही. त्या २०० रुपयांत जागेचं भाडं, मुलांचे पगार, एसी, तुम्ही तासभर बसता ती खुर्ची हे सगळं आहे. मैत्रिणीबरोबर शनिवारी जायचं असेल तर खुशाल जा. रोज उभ्या उभ्या हातात घेऊन निघायच्या कॉफीला ते पैसे देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

खरी अडचण संध्याकाळी सहाला येते. सातपूरहून उन्हातून आल्यावर तुम्ही पावडर मोजणार नाही, पाणी उकळणार नाही आणि वीस मिनिटं थांबणार नाही. तुम्ही कॉलेज रोडलाच थांबणार, आणि त्यात तुमची चूक नाही. म्हणून डिकॉक्शनची बाटली आदल्या रात्रीची तयार हवी, म्हणजे घरात शिरल्यावर दोन मिनिटांत ग्लास हातात येतो. रविवार, मंगळवार आणि गुरुवारी रात्री फिल्टर लावायचा असं ठरवून टाका. दोन दिवसांत दोन ग्लास तुमचे, उरलेले दोन घरातलं कुणी पितंच.

संध्याकाळी सहाची वेळ तेवढी तपासून बघा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला अंथरुणावर पडता तेव्हा निम्मं अजून अंगात असतं. झोप नीट लागत नसेल तर ग्लास दुपारी चारच्या सुमारास हलवा. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं मानतात, गरोदरपणात २००. वर सांगितलेला एक ग्लास या मर्यादेच्या बराच आत आहे. चार चहा आणि वर कॉफी असं असेल तर मात्र बेरीज करा.

दुपारी ऑफिसात प्यायची ठरवलीत तर डिकॉक्शन आणि साखरेचं पाणी एका छोट्या बाटलीत एकत्र न्या आणि दूध वेगळं. ऑफिसात फ्रीज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर स्टीलचा थर्मास निघण्याआधी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्याने भरून ठेवा, मग ते ओतून देऊन त्यात गार दूध आणि भरपूर बर्फ भरा. गाडीच्या डिकीत साध्या बाटलीत दूध नेऊ नका. तीस-बत्तीस अंशांच्या वर दूध तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि मे महिन्यात डिकीच्या आत किती तापतं हे तुम्हाला माहीत आहे.

मशीनचं म्हणाल, तर सात-आठ हजारांच्या मशीनने तुमच्या आइस्ड लाटेत फारसा फरक पडणार नाही, कारण त्यातली कॉफी शेवटी दुधा-बर्फातच जाणार. दोन-तीन महिने फिल्टरची सवय टिकली आणि अजून चांगली कॉफी प्यावीशी वाटली, तर त्या पैशांतून आधी हाताने फिरवायचं चांगलं ग्राइंडर घ्या आणि अख्ख्या बिया आणून रोजच्या पुरत्या दळा. चवीत सगळ्यात मोठी उडी तिथे आहे. त्यानंतर मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून घट्ट कॉफी करायचं छोटं भांडं. तो घेताना बरोबर छोटी जाळीची स्टँडही घ्या, आपल्या गॅसच्या मोठ्या पायांवर तो नीट बसत नाही आणि कलंडतो.